अंगातलं पेव

मध्यंतरी एका मैत्रिणीला अतिदक्षता विभागात ठेवलं होतं, म्हणून भेटायला गेले. काचेचं दार, आत थंडगार, पलंगाभोवती नळ्या आणि डोक्याशी टुकटुक करणारं यंत्र. तिची सून कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. एक तरुण डॉक्टर मुलगी आली आणि तिनं सुनेला विचारलं, "आजारी पडायच्या आधी यांचं वजन किती होतं? नंतर किती उतरलं?" सून गोंधळली. तिला सासूच्या गोळ्यांची नावं पाठ होती, पण वजन कोण लक्षात ठेवतं? आणि मी, अशा ठिकाणी हसू नये हे कळत असूनही, हसले. कारण हा प्रश्न मी फार वर्षांपूर्वी अमरावतीला ऐकला होता, अस्सल वऱ्हाडीत. "बिमारीच्या आंधी किती भरत होती हे? अन् आता किती उरली?"

विचारणारे होते वानखडे डॉक्टर. ते आमच्या समोर राहत. सरकारी दवाखान्यात फाटकासमोरच अत्यवस्थ रोग्यांची एक लांबट खोली होती, ती त्यांच्याकडे असे. त्या काळात यंत्रं नव्हती, नळ्याही बेताच्याच. एक परिचारिका, दोन आया, खिडक्यांना वाळ्याचे पडदे आणि वानखडे डॉक्टर, एवढाच त्या खोलीचा जामानिमा. गावात त्या खोलीचं नाव चांगलं नव्हतं. 'समोरच्या खोलीत नेलं' असं कुणाबद्दल कानावर आलं, की बायका पदर तोंडाला लावत.

डॉक्टर मोर्शीकडचे, संत्र्यांच्या बागा असलेल्या घरातले. नागपूरला शिकले, पण बोली सोडली नाही. अंगानं मात्र अगदी काटकुळे. बुशकोट असा लोंबायचा, की खुंटीलाच टांगून ठेवलाय असं वाटावं. खायचे भरपूर. माझ्या आईनं केलेलं पुरण त्यांनी एकदा ज्या तऱ्हेनं संपवलं, ते पाहून आई दुसऱ्या दिवशी पुन्हा पुरण शिजवायला बसली. पण अंगी काही लागायचं नाही. आणि हा माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या अंगावरचं मांस चाचपत फिरायचा!

चाचपत म्हणजे खरोखरच चाचपत. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत ते समोरच्याचा दंड धरत, जरासा दाबत आणि 'हं' म्हणत. बाजारात, लग्नात, वाचनालयाच्या पायरीवर, कुठंही. त्यांच्या चिमटीतून सुटलेला माणूस आमच्या गल्लीत नव्हता. पुण्याहून बदलून आलेल्या एका मामलेदारांच्या पत्नी आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या होत्या. डॉक्टर वडिलांकडे काही कामानं आले, बाईंचा दंड पाहिला (पाहिलाच फक्त, एवढी अक्कल त्यांना होती) आणि म्हणाले, "काहून बाई, तुमी जेवता का नुसतं वाढता?" बाईंचा चेहरा लालबुंद झाला. महिनाभर त्यांनी आमच्या घराकडे पाठ फिरवली. पुढं आईनंच मला सांगितलं, की बाई त्या दिवशी घरी जाऊन रडल्या होत्या. लग्न झाल्यापासून हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

डॉक्टरांचं सगळं शास्त्र एका शब्दात होतं. पेव. आमच्या वऱ्हाडात पूर्वी ज्वारी साठवायला जमिनीत खोल खड्डा करत, तोंड चिखलानं लिंपून टाकत, त्याला पेव म्हणतात. दुष्काळी साल आलं, की ते उघडायचं. डॉक्टर म्हणायचे, "मोठी बिमारी म्हंजे घरी आलेला खादाड पाव्हना. तो काही खाल्ल्याबिगर राहत नाई. पेवात असलं तर पेवातलं खाईन. नसलं तर घराचे वासे खाईन. म्हनून मी पह्यले पेव पायतो, मंग नाडी."

माझे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "लंघनं परमौषधम्, डॉक्टर!"

"मास्तर, ज्यानं हे लिवलं ना, त्यानं सोता तूप खाऊन लिवलं."

यावर दोघंही मनापासून हसत आणि दोघंही आपापल्या मतावर ठाम राहत.

त्या खोलीत त्यांनी एक काटा आणून ठेवला होता. तोही साधासुधा नव्हे. एका जिनिंगवाल्याचा मुलगा त्यांच्या हातून बरा झाला होता, त्यानं 'काय देऊ?' विचारलं, तर डॉक्टरांनी कापसाच्या गाठी तोलायचा जुना लोखंडी काटा मागून घेतला. जमिनीलगत चौकोनी पत्रा, वर दांडी, दांडीवर सरकणारं वजन. उठू न शकणाऱ्या रोग्याला खाटेसकट उचलून त्यावर ठेवत आणि खाटेचं वजन वजा करत. दवाखान्यातले बाकीचे डॉक्टर त्यांना चिडवत, की वानखडे, आज भाव काय निघाला? डॉक्टर शांतपणे म्हणत, "माल वला आहे. पाऊसपानी पाहून सांगतो." सूज आलेल्या रोग्याचं वजन वाढलेलं दिसतं, पण ते पाणी असतं, हे त्यांनी मला असं कापसाच्या भाषेत समजावलं होतं. ओला कापूस काट्यावर जड भरतो, हे वऱ्हाडातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

पण म्हणून जाड माणूस दिसला की डॉक्टर खूश, असं मात्र नव्हतं. सुरुवातीला होतं, हे ते स्वतःच सांगत. एका भल्या थोरल्या देहाच्या मिठाईवाल्याला छातीत कफ होऊन आणलं. घरचे रडत होते. डॉक्टरांनी दंड चाचपला आणि म्हणाले, "रडता काहून? पेव गच्च भरलेलं आहे. हा मानूस तरते." तो माणूस गेला. उताणा झोपवून ठेवला होता. त्याच्याच पोटाच्या भारानं त्याला श्वास घेता येईना, आणि कूस बदलायला चार माणसं लागतात म्हणून कुणी ती बदलली नाही. डॉक्टर ही गोष्ट लपवत नसत. उलट नवा डॉक्टर कुणी आला, की आधी हीच सांगत. "पेव भरलेलं होतं, पन दारातच पोतं पडलं होतं. मले ते दिसलं नाई."

नंतर तसाच एक वजनदार वकील आला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला आडवं होऊच दिलं नाही. आरामखुर्चीत बसवला, पुढं टेबल ठेवलं, टेबलावर उशांचा डोंगर, आणि वकिलाला त्यावर पालथं डोकं टेकवून झोपायला लावलं. दर थोड्या वेळानं दवाखान्यातले धट्टेकट्टे गडी येऊन त्याला हलवून जात. वकील भडकायचा, फिर्याद करीन म्हणायचा. डॉक्टर म्हणायचे, "करा ना जी. फिर्याद कराले जित्तं राहा लागते." वकील जगला. फिर्याद केली नाही. दर दिवाळीला डॉक्टरांकडे अनारसे पाठवायचा आणि सोबत चिठ्ठी, की हे तुमच्या पेवासाठी.

आता ताईची गोष्ट सांगते. खरं म्हणजे हे सगळं लिहायला बसले ते तिच्यासाठीच.

माझी ताई अकोल्याला दिली होती, जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडे. घर भिक्षुकीचं, माणसं प्रेमळ. तिच्या सासूबाईंना सगळेच काकू म्हणत. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात, तोच ताईला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, झाला. अकोल्याला बरेच दिवस पाण्यावर काढले. ताप हटेना, बडबड सुरू झाली, तेव्हा भाऊजींनी तिला आगगाडीनं अमरावतीला आणलं. स्टेशनावर मी तिला ओळखलं नाही. भाऊजींनी हातांवर काही उचलून घेतलंय, एवढंच दिसलं. मला वाटलं वळकटी आहे.

ताईला 'समोरच्या खोलीत' ठेवलं. आई देवापाशी बसली ती उठेचना. डॉक्टरांनी दंड चिमटीत धरला. या वेळी ते 'हं' म्हणाले नाहीत.

तेव्हा तापावरचं नवं औषध नुकतंच मिळू लागलं होतं, ते त्यांनी कुठून तरी मिळवलं. ताप उतरला. आम्हाला वाटलं, सुटलो. वडिलांनी तर डॉक्टरांना वाकून नमस्कारच केला. डॉक्टरांनी त्यांना उभं केलं. "मास्तर, ताप गेला. आता उपासानं मरन नाई आलं पायजे. पेवाचा तळ दिसून राहिला. पोळी-भाकर देऊ नका, आतडं कच्चं आहे. पन दूध, मऊ भात, कुस्करलेलं केळं, गुळाचं पानी, संत्र्याचा रस. घोटघोट, पन दिवसभर."

ताईपाशी काकू राहत. त्या हूं म्हणाल्या. सगळ्या गोष्टींना त्या हूं म्हणाल्या.

ताईला पुन्हा काट्यावर ठेवलं, तर वजन उतरलेलं. परत ठेवलं, आणखी उतरलेलं. पाठीला जखम होऊ लागली. नजर कुठंतरी वर लागलेली. डॉक्टर खोलीत येत, काट्याकडे बघत आणि बाहेर जात. मी शाळा सुटली की तिकडे जायची. एक दिवस मला ते व्हरांड्यात उभे दिसले. मी विचारलं, "ताई वाचेल ना हो?" ते म्हणाले, "बेटा, जे तिले देतो ते तिच्या अंगावर निंघून नाई राहिलं. कुठी जाते, थे पाहू दे मले."

ते कळलं काट्यामुळेच. ताईच्या शेजारच्या खाटेवर दर्यापूरकडची गोदाबाई होती, हिवतापातून उठलेली, तीही नुसती काडी. तिला पाहायला घरचं कुणी फिरकत नव्हतं. दवाखान्याचं जे मिळेल त्यावर ती होती. त्या दिवशी तिला काट्यावर ठेवलं, तर वजन चांगलंच वाढलेलं! गाल वर आलेले. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग ताईकडे. मग काकूंकडे. काकूंनी मान खाली घातली.

"माय," डॉक्टर हळूच म्हणाले, "दूध वाया नाई गेलं. पन वाट चुकलं."

काकूंचा बांध फुटला. पदर तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हिचे सासरे याच तापानं गेले. ताप उतरला होता, भूक भूक करत होते. मी या हातानं अर्धी पोळी दिली. संध्याकाळी पोट फुगलं अन् संपलं सगळं. आता पुन्हा मले हाताला पाप नाही लावून घ्यायचं. मी देवीला बोलली आहे, सून उठली की गुळाची तुळा करीन म्हणून. देवी पाहील."

परिचारिकेला वाटलं, आता डॉक्टर चिडणार. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाटच पाहत होते. मला काकूंचा इतका राग आला होता, की त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. पण डॉक्टर स्टूल ओढून काकूंसमोर बसले.

"तुळा कोनाची बोलली, माय?"

"सुनेची."

"कोनत्या सुनेची?"

काकूंना कळेना. डॉक्टर म्हणाले, "बोलली तवा मनात कोनती सून होती? लग्नात मांडवात उभी होती, थे? का हे, खाटेवरची?"

"लग्नातली... तीच माझी सून."

"मंग हिशोब करा. आज हे बरी झाली अन् तुमी हिले पारड्यात बसवली, तं गूळ किती लागन? अर्धा! देवीनं विचारलं, बाई, माह्या बाकीचा गूळ कुठी गेला, तं काय सांगसान? नवस बोलाचा मोठ्या सुनेचा अन् फेडाचा लहान सुनेवर?"

काकूंनी कानांना हात लावले. आयुष्यभर देवाधर्मात राहिलेली बाई. नवसात घट म्हणजे देवीची फसवणूक, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या ताईकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "भात मऊ म्हणजे किती मऊ?"

"बोटानं दाबला तं पेज झाली पायजे. पोळी दिली तवा थे चूक होती, माय. पन चूक पोळीची होती, तुमच्या हाताची नाई."

हे शेवटचं वाक्य ऐकून काकू खूप रडल्या. मी पण रडले, आणि माझा राग त्याच रडण्यात वाहून गेला.

त्यानंतर काकूंनी जे केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. चमचा चमचा दूध, बोटानं चुरलेला भात, गुळाचं पाणी. ताई तोंड फिरवायची, काकू थांबायच्या, पुन्हा चमचा लावायच्या. "माझ्यासाठी नको घेऊ, देवीसाठी घे." आणि मजा म्हणजे गोदाबाईचं दूध तोडलं नाही, उलट दोघींसाठी दूध मागू लागल्या. काट्याची वेळ झाली, की पूजेला बसावं तशा काकू ताठ उभ्या राहत. दांडीवरचं वजन पहिल्यांदा पुढं सरकलं, तेव्हा त्यांनी काट्यालाच हात जोडले. डॉक्टर म्हणाले, "जोडा जोडा. तोही देवीचाच आहे."

ताई उठली. चालू लागली. अकोल्याला गेली. पण तुळा लगेच झाली नाही, कारण काकूच ऐकेनात. 'अजून लग्नातली झाली नाही,' म्हणायच्या. पुढच्या हिवाळ्यात त्या तिला अमरावतीला घेऊन आल्या. देवीच्या देवळात आढ्याला तराजू टांगला, एका पारड्यात ताई, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या. डॉक्टर दवाखान्यातून तसेच आले होते. पारडी समोरासमोर आली आणि सगळ्यांनी देवीचा जयजयकार केला. डॉक्टरांनी आधी ताईचा दंड चिमटीत धरला. "हं," म्हणाले. मग गुळाचा खडा तोंडात टाकला.

पुढं ते निवृत्त झाले आणि अकोल्याला मुलाकडे राहायला गेले. ताईच्या घरापासून दूर नव्हते. मीही वडिलांसारखी शिक्षिका झाले, माझी बदली होत राहिली, भेटी कमी झाल्या, पण ताईच्या पत्रांत ते असत. 'आज वानखडे डॉक्टर आले, धाकट्याचा गुटगुटीत दंड पाहून म्हणाले, हा पोट्टा भाजी खाते का नुसती तेलाची फोडनी.' ताईला मुलं झाली, ताई स्वतःही छान गुबगुबीत झाली, आणि डॉक्टर तिच्याकडे शेतकऱ्यानं शेताकडे बघावं तसे बघत.

मग ते स्वतः आजारी पडले. पोटाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर उठलेच नाहीत. ताईनं कळवलं, तशी मी गेले. खाटेवर चादर होती. चादरीखाली माणूस आहे, हे जवळ जाऊनच कळलं. मला पाहून त्यांनी स्वतःचाच दंड चिमटीत धरला आणि हसले. "पाय वो, मास्तरीन. सारी जिंदगी लोकायचे पेव मोजले. माह्या घरी खड्डाच नाई खनला."

ताई रोज पूल ओलांडून डबा घेऊन येत होती. मऊ भात, बोटानं दाबला तर पेज होणारा. त्या दिवशी चमचा भरताना ती म्हणाली, "डॉक्टर, मी देवीला तुमची गुळाची तुळा बोलली आहे. गूळ तुमच्या त्या खोलीत वाटीन."

"माही? आवो पोट्टे, माह्या वजनाचा गूळ वार्डाले एक दिवस नाई पुरनार."

"मग वाढा," ताई म्हणाली. "नवसात घट नको."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. मग लहान मुलासारखं तोंड उघडलं. तीन चमचे घेतले. चौथ्याला मानेनं नको म्हणाले, आणि लगेच, ताईचा चेहरा पाहून, "बरं, आन," म्हणाले. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. गाडीची वेळ झाली म्हणून मी उठले, तेव्हा ते तो चौथा चमचा तोंडात धरून होते, गिळायची ताकद गोळा करत.

त्या आठवड्यातच ते गेले.

ताईनं नवस मोडला नाही. काकूंना आणि मला घेऊन ती अमरावतीच्या त्याच देवळात गेली. गुरुजी समजावू लागले, "बाई, माणूस राहिला नाही. नवस फळला नाही, तो फेडायचा कशाला? आणि पारड्यात बसवणार कुणाला?"

"मी बसते," ताई म्हणाली. "त्यांचं वजन त्यांच्या अंगावर कधी नव्हतंच, गुरुजी. ते इथं आहे." आणि ती पारड्यात जाऊन बसली.

आणलेला गूळ पुरला नाही. भेल्यांवर भेल्या चढवल्या, तरी ताईचं पारडं जमिनीवरून हलेना. भाऊजींना पुन्हा दुकानात पिटाळलं. ताई पारड्यात बसून रडत होती आणि हसत होती, आणि मला वाटलं, हे बघायला ते हवे होते.

गूळ आम्ही दवाखान्यातल्या त्या खोलीत नेला. तिथं आता दुसरे डॉक्टर होते, पण काटा होता. गूळ कुणाला द्यायचा, कुणाला नाही, ते त्या नव्या डॉक्टरांनी सांगितलं. काकू आता थकल्या होत्या, तरी वाटायला त्याच पुढं झाल्या. एकेका खाटेपाशी थांबायच्या, रोग्याचा दंड अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरायच्या, जरा दाबायच्या. मग मागं वळून ताईला म्हणायच्या, "हिला मोठा खडा दे."